धक्का, चाक आणि चिमटा

वसंतातल्या व्याख्यानांत इतिहासाचा विषय म्हटला की श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे राज्ये, लढाया आणि थोर पुरुष उभे राहतात. आजचा आमचा विषय त्या मानाने फारच सामान्य आहे. सायकलच्या पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारा जो दुहेरी दांडा असतो, ज्याला सायकलच्या दुकानात चिमटा म्हणतात आणि हल्लीची तरुण मंडळी फोर्क म्हणतात, त्याचा इतिहास आम्ही सांगणार आहोत. आणि त्यातही डोंगरवाटांवर चालणाऱ्या माउंटन बाइकच्या, दबून पुन्हा वर येणाऱ्या चिमट्याचा. विषय लहान खरा. पण ज्याच्या मनगटाला तासन्‌तास धक्के बसतात त्याला तो लहान वाटत नाही. ज्याचे जळते त्याला कळते.

या विषयाकडे आम्ही वळलो ते आमच्या एका स्नेह्यांमुळे. हे गृहस्थ शिक्षकी पेशातून निवृत्त झालेले, अंगाने हलके, वजन अवघे ५८ किलो. सकाळी गावाबाहेरच्या टेकडीवर जावे, या हौसेने त्यांनी साठवलेल्या पैशांतून एक चांगली माउंटन बाइक घेतली. तिचा पुढचा चिमटा हवेच्या दाबावर चालणारा, पुरा दबला तर १२० मिलिमीटर आत जाणारा. दोन महिन्यांत त्यांची मनगटे ठणकू लागली आणि बोटांना मुंग्या येऊ लागल्या. दुकानात विचारले, तर याहून भारी चिमटा बसवून घ्या, असा सल्ला मिळाला. एके दिवशी ते आमच्याकडे आले आणि म्हणाले, "अहो, वयच झालं म्हणायचं आता. सायकल विकून टाकावी म्हणतो."

मनुष्य मोठा विचित्र प्राणी आहे. यंत्र नीट चालेनासे झाले की तो आधी दुसरे महाग यंत्र शोधतो, आणि ते परवडत नसेल तर दोष आपल्या देहाकडे घेतो. या दोहोंच्या मधली वाट त्याला सहसा सुचत नाही. ती वाट आम्हाला इतिहासात सापडली. रस्त्याचा धक्का कोणी सोसायचा, या एका प्रश्नाला दोनशे वर्षांत जी उत्तरे मिळत गेली, ती ज्या क्रमाने मिळाली त्याच क्रमाने आजच्या स्वारानेही ती तपासावीत, म्हणजे निम्म्या तक्रारी दुकानापर्यंत जाणारच नाहीत, असे आमचे मत आहे. हा क्रम आता पाहू.

१८१७ सालच्या जून महिन्यात जर्मनीतील मानहाइम गावाबाहेर कार्ल ड्राइस नावाच्या गृहस्थाने दोन चाकांच्या एका लाकडी गाड्यावर बसून पायांनी जमीन रेटत फेरफटका मारला. सायकलचा इतिहास येथून मोजतात. या गाड्याला पायटे नव्हते, साखळी नव्हती, रबर तर नव्हतेच. रस्त्याचा धक्का चाकातून लाकडात आणि लाकडातून थेट स्वाराच्या हाडांत जाई. पुढे १८६०च्या दशकात पॅरिसमध्ये मिशो यांच्या कारखान्यातून पायट्यांच्या गाड्या निघू लागल्या. त्यांच्या लाकडी चाकांवर, आपल्याकडच्या बैलगाडीला असते तशी, लोखंडी धाव बसवलेली असे. फरसबंद रस्त्यावरून ही गाडी निघाली की स्वाराचे काय होत असेल हे वेगळे सांगायला नको. इंग्लंडात लोकांनी तिला हाडे खिळखिळी करणारी, असेच टोपणनाव दिले.

कारागिरांना याची जाणीव नव्हती असे मात्र नाही. मिशोच्या गाडीत खोगीर एका लांब पोलादी कमानीवर बसवलेले असे. टांग्याला आणि दमणीला कमानी असतात, तीच ही कल्पना. आपल्या जुन्या काळ्या सायकलींच्या सीटखालच्या जाडजूड स्प्रिंगा या त्याच कमानीच्या वंशातल्या. या कमानीने बसणाऱ्याची कंबर सांभाळली. पण हात मात्र तसेच राहिले. हातांसाठी उपाय एकच होता, तो म्हणजे स्वाराचे स्वतःचे कोपर. गुडघे आणि कोपर किंचित वाकवून, खड्डा आला की सीटवरून अंग थोडे उचलून धरणे, हा सर्वांत जुना आणि फुकटचा उपाय आहे. कोपर ताठ ठेवून बसणाऱ्याला जगातला कोणताही चिमटा सुख देऊ शकणार नाही. इतिहासाचा पहिला धडा हा.

आता दुसऱ्या धड्याकडे येऊ. १८८५ साल सायकलच्या इतिहासात मोठे महत्त्वाचे आहे. त्या साली इंग्लंडातील कॉव्हेंट्री येथे जॉन केंप स्टार्ली याची रोव्हर ही सायकल बाजारात आली. दोन सारखी चाके आणि मागच्या चाकाला साखळी, ही जी सायकलची आकृती आपण लहानपणापासून पाहतो ती तिनेच रूढ केली. तिचे टायर मात्र भरीव रबराचे होते. त्याच साली लंडनच्या लिन्ली आणि बिग्ज या कारखान्याने व्हिपेट नावाची एक सायकल काढली. तिच्या सांगाड्यालाच स्प्रिंग होती. सीट, हॅण्डल आणि पायटे यांचे एकमेकांपासूनचे अंतर कायम राही आणि चाके मात्र त्यांच्याखाली हलत. आजच्या माउंटन बाइकच्या मुळाशी जी कल्पना आहे ती, पाहू गेल्यास, तेव्हाच अवतरली होती. मग ती टिकली का नाही?

याचे उत्तर बेलफास्ट येथील एका गुरांच्या डॉक्टराने दिले. जॉन बॉइड डनलॉप याने आपल्या लहान मुलाच्या तीनचाकीला हवा भरलेल्या रबरी नळ्या बसवल्या आणि १८८८ साली त्याचे पेटंट घेतले. दुसऱ्याच वर्षी बेलफास्टच्या शर्यतींत विली ह्यूम या स्वाराने हवेच्या टायरवर बसून भरीव टायरवाल्यांना मागे टाकले. मग मात्र सारी हवाच फिरली. वस्तुतः ही कल्पना डनलॉपच्याही आधीची. रॉबर्ट विल्यम टॉमसन या स्कॉटिश माणसाने १८४५ सालीच हवेच्या चाकाचे पेटंट घेतले होते आणि १८४७ साली लंडनच्या एका उद्यानात ती चाके घोडागाडीला लावून दाखवलीही होती. त्यामुळे डनलॉपचे पेटंट पुढे रद्द ठरले. पण टॉमसनच्या काळी सायकल नव्हती, आणि गरज उभी राहण्यापूर्वी आलेला शोध बहुधा कपाटातच पडून राहतो.

हवेचा टायर आला आणि व्हिपेटसारख्या स्प्रिंगच्या सायकली काही वर्षांत दिसेनाशा झाल्या. हे का घडले, ते नीट ध्यानात घेतले पाहिजे. टायर धक्का जन्मतो तेथेच त्याला गाठतो. खडा लहान असेल तर टायर त्याला आपल्या पोटात घेतो. चाक, चिमटा, हॅण्डल यांपैकी कशालाही वर उचलले जावे लागत नाही. त्याला वंगण नको, खिळे नकोत, वजनही फार नाही. लहानसहान धक्क्यांसाठी याहून चांगला उपाय आजतागायत निघालेला नाही. म्हणून दुसरा धडा असा की, हाताला मुंग्या येतात अशी तक्रार असेल तर चिमट्याकडे पाहण्यापूर्वी टायरमधली हवा मोजावी. आमच्या स्नेह्यांच्या सव्वादोन इंची टायरांत ५० पीएसआय दाब भरलेला निघाला! एवढ्या हलक्या स्वाराला डोंगरवाटेवर तो दगडासारखाच व्हायचा. तो २८ वर आणताच निम्मे दुखणे पळाले. यात एक पैसाही खर्च झाला नाही.

येथून पुढे कथा काही काळ सायकल सोडून मोटारसायकलीकडे जाते. सायकलपेक्षा वेग कितीतरी जास्त आणि वजनही जास्त, त्यामुळे तिला केवळ टायरवर भागवणे शक्य नव्हते. आरंभी तिच्या चिमट्याला नुसत्या स्प्रिंगा होत्या. नुसत्या स्प्रिंगेचा स्वभाव असा की ती धक्का घेते, पण ठेवून घेत नाही. व्याजासकट परत करते. रॉबर्ट हूकने १६७८ साली स्प्रिंगेचा नियम प्रसिद्ध केला. जितके दाबाल तितक्या प्रमाणात ती उलट रेटणार. खड्ड्यात दबलेली स्प्रिंग पुढच्या क्षणी चाक वर फेकते, मग पुन्हा दबते, पुन्हा फेकते. हा झोका थांबवायचा तर त्यातली शक्ती कोठेतरी खर्ची पडली पाहिजे. ही सोय म्हणजे डॅम्पर. चिमट्याच्या नळीत तेल भरायचे आणि चिमटा हलताना ते तेल बारीक छिद्रांतून पलीकडे जायला लावायचे. तेल घासटत जाते, किंचित तापते, आणि धक्क्याची शक्ती त्या उष्णतेत विरून जाते. १९३५ साली जर्मनीतील बीएमडब्ल्यू कारखान्याने आपल्या आर १२ या मोटारसायकलीला असा एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा, तेलाने आवरलेला चिमटा बसवला. आज रस्त्यावरच्या बहुतेक मोटारसायकलींचे पुढचे पाय त्याच जातीचे आहेत. स्प्रिंग म्हणजे बळ आणि डॅम्पर म्हणजे आवर. आवराशिवाय बळ असले की काय होते, हे सांगायला आम्हाला चिमट्याकडे जायची आवश्यकता नाही. पण तिसरा धडा मात्र हाच.

सायकलला हा चिमटा मिळायला आणखी अर्धशतक लागले, कारण तिचा रस्ता सुधारत गेला होता. मग काही तरुणांनी तिला पुन्हा वाईट रस्त्यावर नेले. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मरिन परगण्यात टॅमलपायस नावाचा डोंगर आहे. त्याच्या परिसरात, फेअरफॅक्स गावाजवळच्या एका कच्च्या रस्त्यावर २१ ऑक्टोबर १९७६ रोजी काही मंडळींनी उतारावरून सायकली सोडण्याची शर्यत लावली. दोन मैलांत सुमारे १३०० फूट उतार. सायकली जुन्या, जाड टायरांच्या, मागे पाय रेटून लावायच्या ब्रेकच्या. खाली पोहोचेपर्यंत त्या ब्रेकमधले ग्रीस तापून धूर होऊन जाई आणि ते नव्याने भरावे लागे. म्हणून त्या उताराचे नावच रीपॅक, म्हणजे पुन्हा भरणे, असे पडले. चार्ली केली, गॅरी फिशर, जो ब्रीझ ही त्या मंडळींतली नावे. जो ब्रीझने १९७७ साली खास या कामासाठी नवी सायकल बांधली, आणि १९८१ साली स्पेशलाइज्ड या कंपनीची स्टम्पजंपर ही सायकल मोठ्या संख्येने तयार होऊन बाजारात आली. माउंटन बाइक ही जात अशी रुजली.

तरीही या सर्व सायकलींचे चिमटे ताठ पोलादीच होते. जाड टायर आणि स्वाराची मनगटे यांवरच सारी भिस्त. उतार मोठा होत गेला, वेग वाढत गेला, तसे टायर अपुरे पडू लागले. खडा टायरच्या पोटात मावतो; मुठीएवढा धोंडा मावत नाही. शतकापूर्वी टायरने ज्या स्प्रिंगेला हुसकावून लावले होते, तिला परत बोलावण्याची वेळ अशी आली. पॉल टर्नर हा मूळचा मोटारसायकलींच्या शर्यतींतला मेकॅनिक. त्याने स्टीव्ह सायमन्स याच्या जोडीने १९८९ साली रॉकशॉक्स ही कंपनी काढली आणि आरएस-१ नावाचा चिमटा बाजारात आणला. स्प्रिंगेच्या जागी कोंडलेली हवा, आवरायला तेल, आणि दबण्याची मर्यादा जेमतेम ५० मिलिमीटर. आजच्या मानाने हे काहीच नव्हे. पण १९९० साली कोलोरॅडोतील डुरँगो येथे माउंटन बाइकची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली, तिच्यात उताराची शर्यत ग्रेग हर्बोल्डने याच चिमट्यावर जिंकली. त्यानंतर या चिमट्याकडे कोणी खेळणे म्हणून पाहिले नाही.

याच सुमारास कोलोरॅडोतल्याच डग ब्रॅडबरीने मॅनिटू नावाचा चिमटा केला. त्यात हवा-तेलाऐवजी रबरासारख्या लवचीक पदार्थाचे ठोकळे होते. रचना सोपी, वजन कमी, गळायला काही नाही. म्हणून पुष्कळांनी ती उचलली. परंतु थंडीत ते ठोकळे कडक होत, आणि त्यांचा आवरही बेताचाच. १९९७च्या हंगामात मोटारसायकलींचे चिमटे करणाऱ्या मार्झोकी या इटालियन कारखान्याने बॉम्बर नावाचा चिमटा आणला. त्यात पोलादी स्प्रिंग होती आणि भरपूर तेल. वजन जास्त, पण चाल लोण्यासारखी. लोकांनी जास्तीचे वजन खुशीने वाहिले. आवर असलेला मऊपणा आणि नुसता मऊपणा यांतला भेद एकदा हाताला कळला की हात तो विसरत नाही, हेच यातून दिसते.

या विजयाच्या कथेत एक उपकथा आहे, तीही सांगितली पाहिजे. फ्रान्समध्ये पॅरिस ते रूबे अशी जुनी शर्यत आहे. तिच्या वाटेत कित्येक मैल ओबडधोबड फरसबंद रस्ता येतो. १९९२ आणि १९९३ साली जिल्बेर द्युक्लो-लासाल याने, आणि १९९४ साली आंद्रे च्मिल याने ही शर्यत रॉकशॉक्सचा दबणारा चिमटा लावून जिंकली. तीन वर्षे ओळीने यश मिळाले. तरीही रस्त्याच्या शर्यतींत हा चिमटा रुजला नाही, थोड्याच वर्षांत तो मागे पडला. बाकीच्या शेकडो मैलांत त्याचे वजन विनाकारण वाहावे लागे. एवंच, दबणारा चिमटा ही रस्त्याच्या गरजेची वस्तू आहे, प्रतिष्ठेची नव्हे. हा झाला चौथा धडा.

आता या इतिहासाचा निवडीला काय उपयोग, ते पाहू. चिमटा घेऊ पाहणाऱ्याने आपली वाट कोणती, हे प्रथम प्रामाणिकपणे ठरवावे. डांबरी रस्ता आणि मधूनमधून कच्चा रस्ता एवढेच असेल, तर ताठ चिमटा आणि रुंद टायर ही जोडी उत्तम. टेकडीच्या पायवाटा, थोडे दगडधोंडे असतील तर १०० ते १२० मिलिमीटर दबणारा चिमटा पुरे. खडकाळ उतारच करायचे असतील तर १३० ते १५० मिलिमीटर. २०० मिलिमीटरचे चिमटे हे केवळ उताराच्या शर्यतींचे काम. जास्त दबतो तो जास्त सुखाचा, हा समज खोटा आहे. शिवाय सायकलचा सांगाडा ठरावीक उंचीच्या चिमट्यासाठी आखलेला असतो. त्याहून २० मिलिमीटर उंच चिमटा बसवला तर पुढचा भाग उचलला जाऊन हॅण्डलचा कोन सुमारे एका अंशाने बदलतो, चढावर पुढचे चाक भरकटू लागते आणि सांगाड्यावर ताणही वाढतो. नाकापेक्षा मोती जड, अशी गत होते.

दुसरी गोष्ट अशी की, स्वस्त सायकलींना जे दबणारे चिमटे लावलेले असतात, त्यांतल्या पुष्कळांत नुसती स्प्रिंग असते, तेलाचा आवर नसतो. वर एक फिरवायची कळ असते. तिने स्प्रिंग आधीच थोडी दाबली जाते, पण स्प्रिंगेचा कडकपणा बदलत नाही. असा चिमटा दोन-अडीच किलो वजनाचा, आणि काम म्हणाल तर मोटारसायकलींनी केव्हाच टाकून दिलेले. त्यापेक्षा चांगला ताठ चिमटा पत्करावा. खर्च करायचाच, तर जेथे हवेचा दाब आपल्या वजनाप्रमाणे कमीजास्त करता येतो आणि परत येण्याचा वेग तेलाने आवरता येतो, तेथे करावा.

आणि येथेच इतिहासाचे शेवटचे पाऊल येते. ड्राइसच्या गाड्यात सुधारणा करायला स्वाराला काही वावच नव्हता. टायरने त्याच्या हाती पंप दिला. आजच्या चिमट्याने त्याच्या हाती पंप, दोन कळा आणि एक रबरी कडे दिले आहे. सुखाचा भार रस्त्यावरून यंत्रावर आणि यंत्रावरून पुन्हा स्वारावर आला आहे. फरक इतकाच की पूर्वी तो हाडांनी वाहायचा होता, आता तो समजुतीने वाहायचा आहे. कारखानदाराला तुमचे वजन ठाऊक नाही. ते तुम्हीच त्याच्या यंत्राला सांगितले पाहिजे.

ते कसे सांगावे? स्वार सायकलवर बसला की त्याच्या नुसत्या वजनाने चिमटा थोडा खाली बसतो. याला सॅग म्हणतात. चाक खड्ड्यात उतरताना चिमट्याला लांब होता आले पाहिजे, म्हणून हे बसणे आवश्यक आहे. पायवाटेच्या सायकलीला ते एकूण दबण्याच्या पाचव्या हिश्शापासून चौथ्या हिश्शापर्यंत असावे. म्हणजे १२० मिलिमीटरच्या चिमट्यात २४ ते ३०. नेहमीचे बूट, पाण्याची बाटली, पाठीवरची पिशवी यांसह बसावे, चिमटा रोखून धरणारी कळ उघडी ठेवावी. कोणाला तरी सायकल धरायला सांगून पायट्यांवर उभे राहावे आणि नळीवरचे रबरी कडे खाली सरकवून टेकवावे. मग हळूच उतरावे आणि कडे किती सरकले ते पट्टीने मोजावे. कमी भरले तर हवा सोडावी, जास्त भरले तर चिमट्यासाठी मिळणाऱ्या लहान पंपाने भरावी. प्रत्येक वेळी हवा बदलल्यावर चिमटा आठ-दहा वेळा दाबून सोडावा, म्हणजे आतल्या दोन्ही कप्प्यांतला दाब जुळतो.

यानंतर परत येण्याचा वेग, म्हणजे रीबाउंड, पाहावा. हा फार मोकळा असला तर प्रत्येक धोंड्यानंतर हॅण्डल हातावर उसळते. फार आवळला तर चिमटा एका धक्क्यातून वर येतो न येतो तोच दुसरा येऊन आदळतो. असे चार-पाच झाले की तो खालीच अडकून पडतो आणि ताठ चिमट्याहून वाईट वागतो. पुष्कळ लोक या दुसऱ्या दोषाला चिमटा कडक झाला असे समजून हवा सोडतात आणि दुखणे वाढवून घेतात. कळ मधोमध आणून ठेवावी, एकच ओळखीची उतरण पुन्हा पुन्हा उतरावी, दर वेळी एकच गोष्ट एक-दोन क्लिक बदलावी आणि ती वहीत टिपावी. हवा वाढवली तर आवरही थोडा वाढवावा लागतो, कारण जास्त दाबलेली हवा जास्त जोराने परत येते. दबण्याचा आवर, ज्याला कंप्रेशन म्हणतात, तो सुख हवे असणाऱ्याने आरंभी पूर्ण मोकळा ठेवावा आणि ब्रेक लावताना सायकल नाक फारच खाली घालू लागली तरच थोडा थोडा वाढवावा.

हवेच्या चिमट्याचा आणखी एक गुण आहे. रॉबर्ट बॉइलने १६६२ साली दाखवून दिले की कोंडलेल्या हवेची जागा निम्मी केली की तिचा दाब दुप्पट होतो. त्यामुळे हवेचा चिमटा शेवटाकडे आपोआप कडक होत जातो. नेहमीच्या अवघड वाटेवर कडे एखाद्या वेळी टोकाजवळ पोहोचावे. ते वारंवार टोकाला आदळत असेल, तर सगळी हवा वाढवण्याऐवजी हवेच्या कप्प्यात जागा अडवणारा लहान ठोकळा घालावा, म्हणजे सुरुवातीची मऊ चाल बिघडत नाही. उलट पुष्कळ फिरूनही कडे दोनतृतीयांशापुढे जातच नसेल, तर तुम्ही पैसे मोजलेल्या चिमट्याचा तिसरा हिस्सा कधी वापरलाच नाही, असा त्याचा अर्थ.

शेवटी निगा. चिमट्याच्या नळ्यांवर रबरी कडा घासत असतात. तेथे धूळ साचली, आतले तेल आटले, की बारीक धक्क्यांना चिमटा हलतच नाही. आपल्याकडे पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात तांबडी धूळ, दोन्ही मुबलक. फिरून आल्यावर नळ्या मऊ फडक्याने पुसाव्या. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने त्या धुऊ नयेत. काही उत्पादक तर दर ५० तासांच्या वापरानंतर खालच्या नळ्या उघडून तेल बदलायला सांगतात. ही सूचना आम्हाला वाटते तितकी अवास्तव नाही. बैलगाडीला वंगण घालायला आपले आजोबा विसरत नव्हते.

आता आमच्या स्नेह्यांचे काय झाले ते सांगून हे पुराण पुरे करतो. त्यांच्या अंगणात आम्ही दोघांनी कडे खाली सरकवले. ते चढले, उतरले. पट्टीवर भरले ९ मिलिमीटर. त्यांच्याहून पुष्कळ जड माणसासाठी असावी इतकी हवा त्या चिमट्यात होती. विकत घेतल्या दिवसापासून तिला कोणी हात लावला नव्हता. थोडी थोडी सोडत आम्ही कडे २६ वर आणले. रीबाउंडची कळ जवळजवळ पूर्ण आवळलेली होती, ती मधोमध आणली. दुसऱ्या दिवशी टेकडीवरून आल्यावर ते काही बोलले नाहीत, फक्त कडे दाखवले; ते नळीवर पुष्कळ वर गेले होते. मनगट पूर्ण बरे झाले असे आम्ही म्हणणार नाही. लांब फेरी झाली की ते अजून कुरकुरते, आणि हॅण्डल किंचित उंच करण्याचे काम बाकी आहे. पण सायकल विकण्याची भाषा बंद झाली.

जाताना ते म्हणाले, "म्हणजे चिमटा चांगलाच होता म्हणायचा." आम्ही म्हटले, "चिमटा चांगला होता, आणि तुम्हीही. दोघांची ओळख तेवढी राहिली होती."